अडीच सुती, बारीक आटे

चिपळूणच्या पुराबद्दल आतापर्यंत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं. त्या दिवशी आमच्या घरी जे झालं, ते वाचकांपैकी कितीतरी जणांच्या नातेवाइकांकडेही झालं असेल. म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. आज सांगायचं आहे ते त्या पुरात बुडालेल्या एका गाडीबद्दल, आणि ती परत जोडताना आम्ही केलेल्या एका चुकीबद्दल. चूक सर्वस्वी आमची होती आणि ती आमच्या अम्मीच्या जिवावर बेतणार होती.

गाडी अब्बांची. पांढरी अ‍ॅम्बेसेडर, मार्क फोर, १९८७ ची. अब्बा मालवाहू जहाजावर फिटर होते. जहाजाची नोकरी सोडून घरी आले तेव्हा त्यांनी ही गाडी एका कंत्राटदाराकडून जुनी विकत घेतली. आमची आपा याच गाडीतून सासरी गेली. मोहल्ल्यातल्या कितीतरी बायकांना अब्बांनी रात्री-अपरात्री बाळंतपणासाठी दवाखान्यात पोहोचवलं आणि पेट्रोलचे पैसे कधी कुणाकडून घेतले नाहीत. २०१९ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. तेव्हापासून ते पडवीत खुर्चीवर बसून समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत असत.

पुराच्या दिवशी आम्ही अब्बांना उचलून माडीवर नेलं. गाडी खालीच राहिली. पाणी उतरलं तेव्हा तिच्या छतावरसुद्धा चिखल होता.

नातेवाइकांनी भंगारात काढायचा सल्ला दिला. खरं सांगायचं तर आमचंही तेच मत होतं. पण भंगारवाला अंगणात आला आणि अब्बांनी डाव्या हाताने खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरला की आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं.

गाडी पत्र्याच्या कामासाठी एका गॅरेजात दिली. डेंटरने दारं, बोनेट, पुढची दोन्ही मडगार्डं, सगळं उतरवलं. आतला चिखल धुतला, सडलेला पत्रा कापून नवा लावला, रंग मारला. ते काम वाईट नव्हतं. पण उतरवलेले बोल्ट आणि वायसर त्यांनी सिमेंटच्या एका रिकाम्या गोणीत टाकले होते. ती गोणी पावसात बाहेरच पडून राहिली आणि तिच्यात आणखी दहा गाड्यांचे बोल्ट मिसळले. फेब्रुवारीत आम्ही गाडी आणायला गेलो तेव्हा गॅरेजवाले म्हणाले, "जुने बोल्ट काही मिळत नाहीत. मडगार्डं वेल्डिंग मारून बसवून टाकतो. कायमचं काम होईल."

आम्ही नको म्हणालो. त्यामागे फार विचार होता असं नाही. दिवस जास्त लागतील आणि पैसे वाढतील, एवढंच मनात होतं. सुटे भाग टेम्पोत घालून घरी आणले आणि आपणच जोडू असं ठरवलं.

आम्ही म्हणजे कोण? शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारे मास्तर, आणि कुवेतमध्ये बरीच वर्षं एसी दुरुस्तीचं काम करून परत आलेला आमचा धाकटा भाऊ. धाकट्याकडे हत्यारांची चांगली पेटी होती आणि बोल्टांनी भरलेला बिस्किटांचा एक मोठा डबा होता. सहा मिलिमीटर, आठ मिलिमीटर, दहा मिलिमीटर, सगळे नवे आणि चकचकीत. आम्हाला वाटलं, आणखी काय पाहिजे?

मार्च २०२२ मध्ये दोन रविवारी बसून आम्ही गाडी जोडली. अम्मीला डोळ्यांच्या तपासणीसाठी खेडला न्यायचं होतं, त्यामुळे घाई होती. काही बोल्ट सहज बसले. काही एक-दोन फेरे फिरून अडले. अडलेल्यांना आम्ही लांब पाना लावून जोर दिला. बोनेटच्या कुलपाचे दोन बोल्ट मात्र फार सहज आत गेले, अगदी बोटांनी. धाकटा म्हणाला, "हे बघ भाई, हे कसे लोण्यासारखे गेले." शेवटी पाना लावल्यावर ते घट्ट झाल्यासारखे वाटले.

पडवीतून अब्बा "ना, ना" म्हणत होते. झटक्यानंतर त्यांच्या तोंडी जे थोडे शब्द उरले होते त्यांत "ना" हा एक होता. पाणी हवं असलं तरी ते "ना" म्हणत, पंखा बंद करायचा असला तरी "ना". आम्ही त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

खेडहून परत येताना परशुराम घाटात बोनेट उघडलं.

अ‍ॅम्बेसेडरचं बोनेट काचेच्या बाजूने बिजागरीवर असतं आणि पुढे कुलूप असतं. गाडी चालत असताना पुढचं कुलूप निसटलं की वारा बोनेट उचलतो आणि ते पूर्ण वाढीने काचेवर येऊन आदळतं. कुलपातून निसटलेलं बोनेट अडवायला एक आकडा असतो. पण आमच्या गाडीत कुलपाची खिळी आणि तो आकडा एकाच पट्टीवर होते आणि ती पट्टी त्याच दोन बोल्टांवर होती. बोल्ट गेले तशी पट्टीच गेली. क्षणात समोर पांढऱ्या पत्र्याशिवाय काही दिसेना. धाकट्याने बोनेटच्या खालच्या फटीतून दिसणाऱ्या हातभर रस्त्याच्या भरवशावर गाडी डाव्या बाजूला घेतली आणि थांबवली. मागचा ट्रक आमच्या डिकीपासून दोन हातांवर येऊन थांबला. अम्मी मागच्या सीटवर होती. तिचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, चष्मा फुटला. चार टाके पडले. अल्लाहचा शुक्र, चारच.

त्या रात्री धाकट्याने पट्टीच्या जागी अडकून राहिलेला एक बोल्ट काढला आणि आम्ही तो विजेरीच्या उजेडात पाहिला. त्याच्या आट्यांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती. अब्बांनी तो बोल्ट डाव्या हातात घेतला, अंगठ्याने चाचपला आणि बाजूला ठेवला. आमच्याकडे बघितलंही नाही.

अम्मी कपाळाला पट्टी बांधून बसली होती. ती उठली, माडीवर गेली आणि अब्बांच्या पत्र्याच्या पेटीतून एक वही घेऊन आली. ती पेटी माडीवरच असल्यामुळे पुरातून वाचली होती. तिच्यात अब्बांची जहाजाची कागदपत्रं असतात. वही लाल कापडी पुठ्ठ्याची होती. अम्मी म्हणाली, "गाडी पहिल्यांदा खोलली तेव्हा त्यांनी सगळं लिहून ठेवलं होतं. तुम्ही मला विचारलंत कुठे?"

वही उर्दूत होती. गाडीच्या एकेका भागाला एकेक पान. कुठे कोणता बोल्ट, किती लांब, कोणता वायसर, खाली रबर आहे की नाही. आकडेही उर्दू. धाकटा इंग्रजी माध्यमात शिकलेला, त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. वीस वर्षं उर्दू शिकवणाऱ्या आम्हाला अक्षरं वाचता येत होती, पण अर्थ लागत नव्हता. जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच शब्द येत होता, "सूत". दो सूत, ढाई सूत, तीन सूत.

तो अर्थ आम्हाला मिस्त्रींनी सांगितला. हे मिस्त्री शेजारच्या गावचे, एसटीतून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सर, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती म्हणजे पाव इंच. अडीच सुती म्हणजे सोळा भागांतले पाच. ही गाडी इंचाची आहे. तुम्ही तिला मिलिमीटरचे बोल्ट लावलेत."

त्यामागचं कारण असं. अ‍ॅम्बेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनत असे, पण तिचा मूळ नमुना इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड ही गाडी होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्याकडे आणे जाऊन नवे पैसे येत होते त्याच सुमारास, ही गाडी रस्त्यावर आली. देश दशमान मापांकडे निघाला होता, पण गाडीचा नकाशा इंचातला होता. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमची १९८७ ची गाडी तर पत्र्याच्या बोल्टांपर्यंत इंचातलीच आहे.

मिस्त्रींनी दोन बोल्ट टेबलावर ठेवले. एक आठ मिलिमीटरचा, एक अडीच सुती. आम्हाला दोन्ही सारखेच दिसले. दिसणारच, कारण दोघांच्या जाडीत फरक आहे तो एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा. पण आट्यांची गोष्ट वेगळी. आमच्या गाडीच्या अडीच सुती बोल्टाला एका इंचात २४ आटे असतात. आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला तेवढ्याच लांबीत सुमारे २० असतात. म्हणून असा बोल्ट नटात एक-दीड फेरा जातो आणि अडतो. तो अडतो तेव्हा आपल्याला सांगत असतो की ही जागा माझी नाही. आपण लांब पाना लावतो. मग बोल्ट आत जातो, पण नटाचे आटे कापत जातो.

सहा मिलिमीटरची गोष्ट याच्या उलट. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. सहाचा बोल्ट त्याच्या नटात सैल बसतो, म्हणून लोण्यासारखा जातो. आट्यांची फक्त टोकं टोकांना धरतात. पाना लावला की घट्ट झाल्यासारखा वाटतो. गाडी हादरे खाते, टोकं झिजतात आणि एक दिवस बोल्ट गळून पडतो. आमच्या बोनेटचं हेच झालं होतं.

"आणि पानासुद्धा बघा," मिस्त्री म्हणाले. अडीच सुती बोल्टाचं डोकं अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ नंबरचा पाना बसतो, पण सैल बसतो. दहा वेळा फिरवला की डोक्याचे कोपरे गोल होतात. मग तो बोल्ट कोणत्याच पान्याने निघत नाही.

आम्ही विचारलं, "मग सुतीचे बोल्ट इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील ना?"

ते हसले. "मिळतील. पण ते जाड आट्यांचे मिळतील. अडीच सुतीत जाड आटे इंचाला १८, बारीक २४. तुमच्या अब्बांनी काय लिहिलंय?"

आम्ही वही उघडली. "बारीक चूडी" असं लिहिलं होतं. आपण मराठीत ज्याला आटे म्हणतो त्याला वर्कशॉपच्या हिंदी-उर्दूत चूडी म्हणतात.

त्यांनी आम्हाला एक साधी युक्ती दाखवली. ती इथे मुद्दाम लिहितो, कारण ती कोणत्याही घरात उपयोगी पडेल. ज्याचे आटे नक्की माहीत आहेत असा एक बोल्ट घ्यायचा. दुसरा बोल्ट त्याला समांतर टेकवायचा, आटे आट्यांत घालून. मग दोन्ही उजेडासमोर धरायचे. मधून कुठेच उजेड आला नाही तर आटे एक. दात दातांवर चढले आणि मधून उजेड दिसला तर आटे वेगळे. जाडी मात्र वेगळी मोजायची.

सुट्टीत आपा माहेरी आली होती. तिने गोणीतले सगळे बोल्ट रॉकेलमध्ये भिजवले, ब्रशने घासले आणि अंगणात चादरीवर पसरले. मग ती आणि आमची मुलगी उजेडासमोर एकेक बोल्ट धरत बसल्या. अर्ध्याहून जास्त दुसऱ्याच गाड्यांचे निघाले. आमचे जे निघाले त्यांतले गंजून बारीक झालेले मिस्त्रींनी बाजूला काढले. आपाने पुठ्ठ्याच्या खोक्यावर मडगार्डाचा आकार काढला. वहीत जिथे जो बोल्ट लिहिला होता तिथे भोक पाडून तो बोल्ट त्यात खोचला. अशी चार पुठ्ठ्यांची चित्रं झाली. कोणते बोल्ट कमी आहेत ते एका नजरेत दिसू लागलं. वर्गात आम्ही तक्ते करतो, पण इतका उपयोगी तक्ता आमच्या हातून कधी झाला नव्हता.

कमी पडलेल्या बोल्टांची यादी घेऊन धाकटा मुंबईला गेला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान मिळतं. तिथे एका दुकानदाराने त्याला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट दाखवले. "कोकणात राहता ना? हे कधी गंजणार नाहीत." धाकट्याने दुकानातूनच फोन लावला. मिस्त्री म्हणाले, "बोल्ट गंजणार नाही, पण त्याच्या खालचा पत्रा गंजेल. ओल लागली की दोन वेगळ्या धातूंमधला कमी दर्जाचा आधी सडतो. बोल्ट बदलता येतो सर, पत्रा कुठून आणणार? साधे जस्ताचा मुलामा असलेले आणा. दोन-चार वर्षांनी बदलू." यात दुकानदाराची लबाडी नव्हती. त्याने बोल्टाचा विचार केला, मिस्त्रींनी गाडीचा.

आता आमच्या चुकीची किंमत मोजायची होती. मडगार्डाचे काही नट गाडीच्या अंगातच असतात, आतल्या बंद पोकळीत पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात बसवलेले. तिथे मागून पाना जात नाही. आम्ही जोर देऊन घातलेल्या आठच्या बोल्टांनी यातल्या तीन नटांचे आटे कापले होते आणि एकाचा पिंजराच तुटला होता. तो नट आत गरगर फिरत होता, बोल्ट ना आत जाई ना बाहेर येई. मिस्त्रींनी बोल्टाचं डोकं कापलं. मग नव्या रंगवलेल्या पत्र्याला बाजूने छोटी खिडकी पाडली, आत नवा नट बसवला आणि खिडकी बंद करून पुन्हा रंग लावला. बाकीच्या नटांत त्यांनी हलक्या हाताने टॅप फिरवून आटे साफ केले. जे वाचण्यासारखे नव्हते ते बदलले. तीन दिवस गेले. आमच्या दोन रविवारच्या घाईचे हे तीन दिवस.

मग जोडणी सुरू झाली. तिचा क्रमही आम्हाला माहीत नव्हता. आम्ही आधी मडगार्डं लावली होती, मग दारं. मिस्त्री म्हणाले, जे हलत नाही तिथून सुरुवात करायची. गाडीचा मागचा भाग वेल्डिंगचा आहे, तो हलणार नाही. म्हणून आधी मागचं दार त्याला जुळवायचं, मग पुढचं दार मागच्या दाराला, मग मडगार्ड पुढच्या दाराला आणि शेवटी बोनेट दोन्ही मडगार्डांच्या मधे. जो ज्याच्या शेजारी बसणार तो त्याच्याशी जुळला पाहिजे.

आणि कोणताही बोल्ट पहिल्यांदा घट्ट करायचा नाही. सगळे बोल्ट आधी हाताने, निदान तीन-चार फेरे. हाताने जात नसेल तर काढायचा, बघायचा, पुन्हा लावायचा. भोक जुळत नसेल तर शेजारच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून मडगार्ड किंचित सरकवायचं. त्या भागांची भोकं गोल नसून थोडी लांबट असतात, ती याचसाठी. लांबट भोकावर साधा वायसर पुरत नाही, तो भोकात रुतून बसतो. तिथे मोठा चपटा वायसर आणि त्यावर स्प्रिंग वायसर. सगळे बोल्ट सैल असताना दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी करायची. आम्ही त्यासाठी शाळेच्या जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा दुमडून घेतला. तो वर जेवढा सहज सरकेल तेवढाच खालीही सरकला पाहिजे. मग थोडं थोडं करत, आलटून पालटून आवळायचं.

डावं मडगार्ड असं बसलं. फट सुंदर आली. आम्ही खूश होऊन अब्बांकडे पाहिलं. अब्बा म्हणाले, "ना."

या वेळी आम्ही पाणी आणायला गेलो नाही. त्यांची खुर्चीच उचलून गाडीजवळ नेली. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने मडगार्डावर टकटक केलं. आवाज कोरडा आला. त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. आम्ही ते पान पुन्हा वाचलं: ढाई सूत, बारीक चूडी, चूडी पट्टी.

चूडी पट्टी म्हणजे आटे मोजायची कंगव्यासारखी पट्टी, असं आम्ही धरलं होतं. म्हणजे अब्बांनी लिहिलंय की पट्टी लावून आटे तपासा. आम्ही तपासले होते. मिस्त्रींची पट्टी लावून प्रत्येक बोल्ट तपासला होता. आम्ही तसं सांगितलं. अब्बांनी पुन्हा मान हलवली. मग डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी फाकवली, जितकी फाकतील तितकी, आणि फार कष्टाने म्हणाले, "चौ… डी."

उर्दू शिकवणाऱ्या मास्तरांना तेव्हा कळलं. उर्दूत चूडी आणि चौडी हे दोन्ही शब्द एकाच प्रकारे लिहिले जातात. चे, वाव, डे, ये. वर खुणा दिल्या नसतील तर वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. अब्बांनी लिहिलं होतं, "चौडी पट्टी". मडगार्ड आणि अंग यांच्यामधे घालायची रुंद रबरी पट्टी. ती नसली की पत्र्यावर पत्रा घासतो, रंग जातो, मधे पाणी साचतं आणि चार पावसाळ्यांत पुन्हा तोच गंज. पाचवीच्या मुलांना आम्ही दर वर्षी फळ्यावर असे शब्द लिहून दाखवतो आणि सांगतो की घाईने वाचू नका.

मिस्त्री इतके हसले की त्यांना खोकला आला. अब्बाही हसले. झटक्यानंतर त्यांना असं हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. अर्धाच चेहरा हसत होता, पण तो पूर्ण हसत होता.

आम्ही बोल्ट सैल केले, पट्टी घातली आणि सगळं पुन्हा जुळवलं. या वेळी बोल्ट निघाले ते हाताने, कटकट न करता. तेव्हा आम्हाला त्या वेल्डिंगचं म्हणणं आठवलं. कायमचं काम होईल, असं ते म्हणाले होते. मडगार्ड वेल्ड केलेलं असतं तर आमची ही चूक आतच बंद झाली असती. योग्य बोल्टाचं काम धरून ठेवणं हे तर आहेच. पण पुढच्या माणसाला गरज पडेल तेव्हा तो सुटलाही पाहिजे, काही न मोडता. अब्बांनी पहिल्यांदा गाडी उघडली तेव्हाच हे ओळखून वही लिहिली होती. ती त्यांची अमानत होती, आणि आम्ही ती माडीवर ठेवून बिस्किटांच्या डब्यात हात घातला होता.

बोनेट सगळ्यात शेवटी बसवलं. कुलपाच्या पट्टीचे दोन बोल्ट, दोन सुती, बारीक आटे, स्प्रिंग वायसरसकट. ते धाकट्याने लावले नाहीत आणि आम्हीही लावले नाहीत. मिस्त्रींनी ते अब्बांच्या डाव्या हातात दिले. आम्ही खुर्ची पुढे सरकवली आणि बोनेट वर धरून ठेवलं. एकेका बोल्टाला बराच वेळ लागला. मधेच बोल्ट हातातून पडायचा, आमची मुलगी तो उचलून पुन्हा त्यांच्या बोटांत द्यायची. असरची अजान झाली, आम्ही तसेच उभे होतो. दुसरा बोल्ट बोटांनी जाईल तेवढा आत गेल्यावर अब्बांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "बस." हाही त्यांच्या उरलेल्या शब्दांतला एक. पाना मिस्त्रींनी फिरवला.

पुढच्या रविवारी अम्मीला घेऊन आम्ही खेडला गेलो, नवा चष्मा आणायला. ती आधी एसटीने जाते म्हणाली होती. अब्बांनी खुर्चीतून गाडीच्या मागच्या दाराकडे बोट दाखवलं तेव्हा बसली. जाताना घाटात धाकट्याने गाडी थांबवली, उतरून बोनेट हाताने हलवून पाहिलं आणि पुन्हा बसला. येतानाही थांबवली. अम्मी काही बोलली नाही.

वही आता खालीच असते, पुठ्ठ्याची चारही चित्रं तिच्यासोबत. बदललेले नट कुठले, नवी पट्टी कधी घातली, तारखेसह लिहिलं आहे. प्रत्येक उर्दू ओळीखाली आमच्या मुलीने ती मराठीत उतरवली आहे, धाकट्यासाठी आणि त्याच्या मुलांसाठी. अब्बांच्या अक्षरात आम्ही काही बदललं नाही. फक्त डाव्या मडगार्डाच्या पानावर, त्या शब्दातल्या चेवर, पेन्सिलीने एक छोटा जबर दिला आहे. आता तो शब्द चौडी असाच वाचला जाईल.